पॅरिसच्या डिस्नेलँडला रेल्वेने जाताना पैसे कुठे वाचतात आणि कुठे उगाच जातात

पॅरिस शहरातून डिस्नेलँडच्या दारात नेऊन सोडणाऱ्या गाडीचं तिकीट 2025 मध्ये 2.50 युरो होतं, 2026 मध्ये ते 2.55 झालं. बत्तीसेक किलोमीटरचा प्रवास, साधारण चाळीस मिनिटं. तिकीट एवढं स्वस्त असताना रेल्वेत पैसे वाचवण्यावर लेख कशाला, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की या शेवटच्या टप्प्यात वाचवण्यासारखं काही उरलेलंच नाही. पैसे जातात ते त्याच्या आजूबाजूला: गरज नसलेल्या पर्यटक पासात, विमानतळावर दमलेल्या अवस्थेत घेतलेल्या तिकिटात, आणि दुसऱ्या शहरातून येताना भलत्याच स्टेशनापर्यंत काढलेल्या तिकिटात. तेव्हा लक्ष तिकडे द्यायचं.

खालचे हिशेब 2025 च्या दरांवर केले आहेत. पॅरिस परिसरातले भाडेदर जानेवारीत बदलतात, त्यामुळे निघण्याआधी इल-द-फ्रान्स मोबिलिते या तिथल्या वाहतूक प्राधिकरणाच्या ॲपवर चालू आकडा बघून घ्या. आकडे थोडेफार सरकतील, हिशेबाची रीत तीच राहील.

आधी नकाशा समजून घ्या

डिस्नेलँड पॅरिस 12 एप्रिल 1992 रोजी उघडलं, आणि त्याच महिन्यात पॅरिसची आरईआर ए ही उपनगरी रेल्वे तिथपर्यंत पोहोचली. स्टेशनाचं नाव मार्न-ला-व्हाले शेसी. तिकीट काढताना हेच नाव शोधायचं, 'डिस्नेलँड' नव्हे. 1994 मध्ये त्याच जागी टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांचं स्टेशनही सुरू झालं. स्टेशनातून बाहेर पडलं की पार्कची फाटकं चालत दोन-तीन मिनिटांवर आहेत. थोडक्यात, या पार्कला जायला टॅक्सी किंवा खास बस लागतच नाही, आणि ज्या पॅकेजमध्ये 'ट्रान्सफर' नावाने वेगळी रक्कम लावलेली असते तिकडे जरा संशयाने बघावं.

येण्याच्या वाटा तीन. पॅरिस शहरात मुक्काम असेल तर आरईआर ए. शार्ल द गोल विमानतळावरून किंवा फ्रान्सच्या इतर शहरांतून थेट यायचं असेल तर टीजीव्ही. लंडनकडून येणार असाल तर यूरोस्टार ही लंडनहून येणारी अतिवेगवान गाडी आणि मध्ये एक-दोन बदल. यांपैकी तुमची वाट कोणती, हे हॉटेल आणि विमान ठरवण्याच्या आधी कागदावर लिहून काढा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: स्वस्तातलं विमान घेतात, मग हॉटेल, आणि रेल्वेचा विचार तिथे उतरल्यावर.

हॉटेलचं ठिकाण आणि तिकिटाचा आता संबंध उरलेला नाही

2024 पर्यंत पॅरिसचं भाडं अंतरावर होतं. शहरातून शेसीला जायला 5 युरो लागायचे, म्हणून 'पार्कच्या जवळ राहा, भाडं वाचेल' हा सल्ला सर्रास दिला जायचा. 1 जानेवारी 2025 पासून विमानतळ सोडून सगळ्या इल-द-फ्रान्स प्रांतात, म्हणजे पॅरिस आणि आजूबाजूच्या भागात, मेट्रो, ट्रेन आणि आरईआरला एकच दर झाला. पॅरिसच्या पश्चिमेला ला देफाँसच्या पलीकडे राहा, नाहीतर पार्कच्या अलीकडच्या तोर्सीला, तिकीट तेवढंच. झोन एक ते पाचची कोष्टकं देणारी जुनी माहिती अजूनही बरीच फिरते आहे, ती सरळ बाजूला ठेवा.

याचा फायदा हॉटेल निवडताना होतो. आरईआर एच्या वाटेवर कुठेही, जिथे खोली स्वस्त मिळेल तिथे राहायला हरकत नाही. माझं मत विचाराल तर पार्कसाठी एकच दिवस असेल तेव्हा पॅरिसमधल्या नासिओं किंवा गार द लिओं स्टेशनाच्या आसपास राहावं, म्हणजे शहर बघणंही सोपं जातं. दोन दिवस पार्क असेल आणि सोबत लहान मुलं असतील तर शेसीच्या आधीचं व्हाल द'यूरोप स्टेशन बरं. तिथे मोठं खरेदी संकुल आहे, त्यात सुपरमार्केट आहे, आणि पार्कमधल्या खाण्याचे भाव पाहिल्यावर त्या सुपरमार्केटची किंमत कळते.

आरईआर एचं तिकीट: नीट काढलं तर इथे चूक होण्यासारखं फारसं काही नाही

कागदी तिकिटांचा जमाना तिथे जवळपास संपला आहे. दोन पर्याय उरतात.

पहिला, नाविगो ईझी नावाचं प्लास्टिक कार्ड. ते 2 युरोला मिळतं, त्यावर हवी तितकी तिकिटं भरता येतात. दुसरा पर्याय फोनचा. आयफोन आणि बहुतेक अँड्रॉइड फोनवर तिकीट थेट घेता येतं आणि कार्डाचे 2 युरोही लागत नाहीत. फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: एका कार्डावर किंवा एका फोनवर एका वेळी एकच माणूस. बाबांच्या फोनवर चार तिकिटं घेऊन चौघं फाटकातून आत जाऊ, असं होत नाही. स्वतःचा फोन नसलेल्या आजी-आजोबांना आणि मुलांना वेगळी कार्डं लागतीलच. आपलं बँकेचं कार्ड फाटकावर टेकवून आत जायची लंडनसारखी सोय तिथे आहे असंही गृहीत धरू नका.

चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. चार ते नऊ वर्षांच्या मुलांना अर्धं, म्हणजे 2.50 च्या जागी 1.25 युरो. मशीनवर हा सवलतीचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, तो आपोआप येत नाही. घाईत सगळ्यांची पूर्ण तिकिटं काढणारी कुटुंबं पुष्कळ. मुलांच्या वयाचा पुरावा, निदान पासपोर्टचा फोटो, जवळ असू द्या.

आता या एका तिकिटात काय काय येतं ते पाहू. मेट्रोतून आरईआरमध्ये बदल चालतो, दोन तासांच्या आत. म्हणजे हॉटेलजवळच्या मेट्रोने शातले–ले आल किंवा गार द लिओंला आलात आणि स्टेशनाच्या आतूनच आरईआर एच्या फलाटावर गेलात, तर दुसरं तिकीट लागत नाही. बस आणि ट्राम मात्र यात बसत नाहीत, त्यांचं तिकीट वेगळं, 2025 मध्ये 2 युरो. हॉटेलपासून मेट्रोपर्यंत दोन थांब्यांसाठी बस धरली तर जाता-येता माणशी 4 युरो वाढले. दहा मिनिटं चालण्याचे चार युरो असा हिशेब केला की पाय आपोआप उचलले जातात.

शहराच्या मध्यातून आरईआर एची स्टेशनं अशी: शार्ल द गोल एत्वाल, ओबेर, शातले–ले आल, गार द लिओं, नासिओं. पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या व्हँसेननंतर दोन फाट्यांना फुटतात. एक फाटा शेसीला, दुसरा ब्वासी-सें-लेजेला. फलाटावरच्या फलकावर तुमच्या गाडीच्या थांब्यांपुढे दिवे लागलेले असतात, ते पाहूनच चढा. शिवाय प्रत्येक गाडीच्या माथ्यावर चार अक्षरी सांकेतिक नाव असतं. ते क्यू अक्षराने सुरू होत असेल तर गाडी शेसीपर्यंत जाणार. एनने सुरू होत असेल तर ब्वासीला, आणि ओने सुरू होत असेल तर तोर्सीलाच संपणार. चुकून ब्वासीच्या गाडीत बसलात तरी घाबरू नका. व्हँसेनपर्यंत दोन्ही वाटा एकच आहेत, तिथे उतरून मागची गाडी धरायची.

शेसीला बाहेर पडतानाही तिकीट पुन्हा टेकवावं लागतं, तेव्हा कार्ड बॅगेच्या तळाशी टाकू नका. आणि सर्वांत कामाचं: परतीचं तिकीट सकाळीच भरून ठेवा. रात्रीची आतषबाजी संपली की हजारो लोक एकदम स्टेशनावर येतात आणि शेसीच्या तिकीट मशीनसमोर रांग लागते. त्या रांगेत पैसे जात नाहीत, पण झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन उभं राहावं लागतं.

पास: इथेच खरे पैसे जातात

पर्यटकांना विकले जाणारे पास दिसायला आकर्षक असतात. 'सगळे झोन, सगळी वाहतूक, विमानतळासह' वगैरे. त्यातला सर्वांत प्रसिद्ध पारी व्हिझित. 2025 मध्ये त्याचा एका दिवसाचा दर प्रौढांना जवळजवळ 30 युरो होता, मुलांना निम्मा.

एक कुटुंब धरू. आई-बाबा, सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा. पॅरिसहून डिस्नेलँडला जाऊन यायचं आहे. साध्या तिकिटांनी: दोन प्रौढ, दोन फेऱ्या, 10 युरो. मुलीचे 2.50. धाकट्याला शून्य. तीन कार्डांचे 6 युरो. एकूण 18.50, आणि कार्डं पुढच्या दिवसांतही वापरता येतात. पारी व्हिझित घेतला तर याच दिवसाचे 75 युरोच्या आसपास. पासासोबत काही संग्रहालयांत थोडीफार सवलत मिळते, पण पार्कच्या दिवशी संग्रहालयात कोण जाणार?

नाविगो जूर हा दिवसभराचा पास त्यामानाने प्रामाणिक आहे. 2025 मध्ये 12 युरो, सगळा प्रांत, विमानतळ वगळून. पण तोही वसूल व्हायला दिवसात किमान पाच वेळा मेट्रो किंवा आरईआर वापरावी लागते. डिस्नेलँडच्या दिवशी दोनच फेऱ्या होतात. तो पॅरिस भटकण्याच्या दिवसासाठी ठेवा.

आठवड्याच्या पासाचं, म्हणजे नाविगो सेमेनचं, गणित जरा गमतीचं आहे आणि नीट बसलं तर या लेखातली सर्वांत मोठी बचत त्यातच आहे. 2025 मध्ये तो 31.60 युरोला होता. त्यात विमानतळाच्या गाड्याही येतात: शार्ल द गोलची आरईआर बी आणि ओर्ली या पॅरिसच्या दुसऱ्या विमानतळाची मेट्रो 14. फक्त ओर्लीव्हाल ही छोटी गाडी त्यात नाही. एरवी विमानतळाचं एकेरी तिकीट 2025 मध्ये 13 युरो होतं, 2026 मध्ये 14 झालं. म्हणजे येण्याजाण्याचेच 26, डिस्नेलँडचे 5, झाले 31. शहरात आणखी दोन-चार वेळा मेट्रोत बसलात की पास स्वस्त पडतो, त्यानंतरचा सगळा प्रवास फुकट.

अटी मात्र तीन आहेत, आणि त्यांपैकी एकही चुकली तर गणित बिघडतं. हा पास सोमवार ते रविवार चालतो, घेतल्यापासून सात दिवस नव्हे. शुक्रवारी उतरून पुढच्या गुरुवारी परतणाऱ्याला तो जवळपास निरुपयोगी. दुसरी अट, चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच मिळतो, शुक्रवारपासून पुढच्या आठवड्याची विक्री सुरू होते. तिसरी, तो नाविगो ईझीवर भरता येत नाही. कार्डावर घ्यायचा तर त्यासाठी नाविगो देकूव्हर्त नावाचं 5 युरोचं वेगळं कार्ड लागतं, त्यावर छोटा फोटो चिकटवायचा असतो. फोटो घरूनच कापून न्या, तिथल्या फोटोच्या मशीनला आणखी पैसे पडतात. विमानाच्या तारखा अजून हातात असतील तर सोमवारी किंवा मंगळवारी उतरून शनिवारी-रविवारी परत निघणं या एका पासासाठीसुद्धा विचारात घेण्यासारखं आहे. मुलांना साधं तिकीट अर्ध्या दरात मिळतं, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा मांडा. सगळ्यांना एकाच मापाचा पास घेण्याची गरज नाही.

विमानतळावरून थेट पार्कला

शार्ल द गोलच्या टर्मिनल 2 मध्येच टीजीव्हीचं स्टेशन आहे आणि तिथून शेसी अवघं दहा मिनिटांवर. सोयीच्या दृष्टीने याला तोड नाही. दर मात्र मागणीप्रमाणे हलतो, कधी 10 युरोच्या आसपास, कधी त्याच्या दुप्पट. शिवाय गाड्या दर पंधरा मिनिटांनी नसतात, दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जाऊ शकतो.

मुख्य धोका वेगळाच. महिनाभर आधी स्वस्तात घेतलेलं तिकीट ठराविक गाडीचं असतं. विमानाला उशीर झाला, पासपोर्टच्या रांगेत तास गेला, बॅग यायला वेळ लागला, की ते वाया. मी सांगेन की येताना हे तिकीट आधी काढूच नका. उतरल्यावर फोनवर पाहा: पुढची गाडी तासाभरात असेल आणि दर 13-14 युरोच्या आत असेल तर घ्या. नाहीतर आरईआर बी आहेच. तिने शातले–ले आलला या आणि तिथे आरईआर एमध्ये बदला. दोन्हींचे फलाट एकाच पातळीवर आहेत, बॅगा घेऊन फार चढउतार करावी लागत नाही. एकूण दीड तासाच्या आसपास वेळ धरा. विमानतळाचं तेच तिकीट शेसीपर्यंत चालतं, वरती 2.50 चं वेगळं काढायचं नाही. परत जाताना मात्र चित्र उलटं. वेळ तुमच्या हातात असते, म्हणून परतीचं टीजीव्ही तिकीट आधी काढणं फायद्याचं ठरतं, फक्त विमानाच्या आधी भरपूर मोकळा वेळ सोडा.

खिसा अगदीच आवळायचा असेल तर अजून एक वाट आहे. शार्ल द गोलवरून 351 क्रमांकाची साधी बस नासिओंला जाते, आणि नासिओं आरईआर एवर आहे. बसचं 2 युरोचं तिकीट, पुढे आरईआरचं 2.50, एकूण 4.50. ओर्लीवरून अशीच सात नंबरची ट्राम व्हिलजुईफला सोडते, तिथून मेट्रो 7 ने शातले, मग आरईआर ए. खर्च तेवढाच. हे पूर्ण नियमात बसतं, पण वेळ बराच जास्त लागतो आणि संध्याकाळच्या वाहतुकीत बस कुठे अडकेल सांगता येत नाही. एकटा विद्यार्थी पाठीवर एक सॅक घेऊन जात असेल तर जरूर जावं. रात्रभरच्या विमानप्रवासानंतर दोन मुलं आणि तीन सूटकेस घेऊन या वाटेला जाणं मला तरी बचत वाटत नाही.

ओर्लीवर उतरणाऱ्यांसाठी सरळ मार्ग जून 2024 पासून सोपा झाला आहे. मेट्रो 14 थेट विमानतळापर्यंत आली. तिने गार द लिओं गाठा, तिथे आरईआर ए.

फ्रान्सच्या दुसऱ्या शहरातून येताना

नीस-मार्सेय फिरून, किंवा स्वित्झर्लंडकडून लिओंमार्गे पार्कला येणारे बरेच असतात. ते सवयीने पॅरिसपर्यंतचं तिकीट काढतात आणि मग बॅगा ओढत शहर ओलांडून परत पूर्वेकडे येतात. गरज नसते. पॅरिसला वळसा घालणाऱ्या रुळांवरून लिओं, मार्सेय, मोंपेलिये, लिल, स्त्रासबूर, नांत, रेन अशा अनेक शहरांच्या काही टीजीव्ही थेट शेसीला थांबतात.

थेट गाडी नेहमी स्वस्त असेलच असं मात्र नाही, म्हणून दोन शोध करायचे: एक 'मार्न-ला-व्हाले शेसी'साठी, एक 'पॅरिस'साठी. पॅरिसच्या दरात आरईआरचे 2.50 मिळवा आणि तुलना करा. दहा-पंधरा युरोंचा फरक असेल तर मी थेट गाडी घेईन. माणशी तीस-चाळीसचा असेल तर चौघांसाठी पॅरिसमार्गे जाणं परवडतं.

यात विगो ही फ्रेंच रेल्वेची स्वस्त सेवा विसरू नका. गंमत म्हणजे एप्रिल 2013 मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचं पॅरिसकडचं टोक पॅरिस शहरात नव्हतंच, ते हेच शेसी स्टेशन होतं. इथून लिओं, मार्सेय आणि मोंपेलियेला पहिल्या विगो धावल्या. शहरातली मोठी स्टेशनं टाळल्याने रेल्वेचा खर्च कमी होत होता. पॅरिसकरांना त्यासाठी आरईआरने चाळीस मिनिटं बाहेर यावं लागायचं, डिस्नेलँडला जाणाऱ्यांना मात्र घरबसल्या सोय झाली. तिकीट लवकर काढलं तर 10-20 युरोंत लिओंचा प्रवास होऊ शकतो, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना वेगळा ठराविक कमी दर असतो.

विगोची मेख सामानात आहे. तिकिटात एक छोटी बॅग आणि एक विमानाच्या केबिनमध्ये मावेल एवढी बॅग येते. मोठ्या सूटकेसचे पैसे वेगळे, आणि ते तिकिटासोबतच भरले तर थोडे, गाडीपाशी भरले तर बरेच जास्त. मोठ्या बॅगा असतील तर त्यांचे पैसे धरूनच विगोची तुलना टीजीव्ही इनुईशी, म्हणजे नेहमीच्या टीजीव्हीशी करा. कधी कधी फरक दोन-चार युरोंचा उरतो, आणि मग इनुई बरी, कारण तिची तिकिटं बदलायला सोपी. विगोचं स्वस्त तिकीट रद्द केलं तर पैसे गेले असं समजा.

व्हिसा हातात नसताना विगो काढावी का? नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो कधी येईल हे आपल्या हातात नसतं. तोवर बदलता येण्यासारखं तिकीट घ्या, किंवा थांबा. इनुईचे दर तारीख जवळ येईल तसे चढत जातात हे खरं, पण वाया गेलेल्या चार तिकिटांपेक्षा चढलेला दर स्वस्त.

कधी काढायचं? विक्री खुली झाल्या झाल्या. फ्रेंच रेल्वे उन्हाळ्याची, नाताळाची तिकिटं ठराविक तारखांना टप्प्याटप्प्याने खुली करते आणि सर्वांत स्वस्त जागा तेव्हाच असतात. एसएनसीएफ कनेक्ट या अधिकृत ॲपवर दिवसानुसार दर दिसतात. मंगळवार-बुधवार-गुरुवारच्या दुपारच्या गाड्या सहसा स्वस्त. शुक्रवारची संध्याकाळ, रविवारची संध्याकाळ आणि फ्रेंच शाळांच्या सुट्ट्यांचे शनिवार शक्यतो टाळा. त्या शनिवारी पार्कमध्येही मुंगी शिरायला जागा नसते.

फ्रान्समध्ये राहणाऱ्या किंवा वर्षात दोन-तीनदा जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी कार्त आव्हांताज हे 49 युरोचं वार्षिक सवलत कार्ड आहे. प्रौढांना 30 टक्के आणि सोबतच्या चार ते अकरा वर्षांच्या मुलांना, तिघांपर्यंत, 60 टक्के सवलत. 27 ते 59 वयाच्या कार्डाला शनिवार-रविवारशी जोडलेल्या प्रवासाची अट आहे, ती वाचून घ्या. लांबून येणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचे कार्डाचे पैसे एका परतीच्या प्रवासातही वसूल होऊ शकतात, एकट्याचे क्वचितच.

युरेल हा अनेक युरोपीय देशांच्या रेल्वेत चालणारा पास असेल तर टीजीव्हीला आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात आणि पासधारकांच्या जागा मर्यादित असतात. फक्त डिस्नेलँडसाठी युरेल कुणी घेऊ नये.

लंडनहून

लंडनच्या सेंट पँक्रसमधून थेट डिस्नेलँडला जाणारी यूरोस्टार जून 2023 मध्ये बंद झाली. आता दोन मार्ग.

एक, लिल यूरोप स्टेशनात बदल. लंडन ते लिल दीड तासाच्या आत, तिथून टीजीव्हीने शेसी साधारण तासाभरात. बहुतेकदा त्याच स्टेशनातून पुढची गाडी मिळते, पण काही गाड्या लिल फ्लांद्रमधून सुटतात, जे चालत दहा मिनिटांच्या आत आहे. तिकिटावरचं नाव नीट वाचा. दोन टप्प्यांची वेगवेगळी तिकिटं घेतली तर अनेकदा स्वस्त पडतात, विशेषतः दुसऱ्या टप्प्याला विगो मिळाली तर. पण यूरोस्टारला उशीर झाला आणि पुढची गाडी सुटली तर ते नुकसान तुमच्या अंगावर येऊ शकतं. वेगळी तिकिटं घेणार असाल तर मध्ये किमान दीड तास ठेवा. तेवढा धीर नसेल तर पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट घ्या.

दोन, सरळ पॅरिसच्या गार दु नोरला या आणि पुढे आरईआर. लंडन–पॅरिस गाड्या जास्त आहेत, म्हणून स्वस्त जागा सापडण्याची शक्यताही जास्त, आणि पुढे फक्त 2.50 युरो. आरईआर बी किंवा डीने एकच थांबा शातले–ले आल, तिथे आरईआर ए. गर्दीच्या वेळी शातलेला बॅगांसह जाणं नकोसं वाटतं, त्यावर उपाय असा: गार दु नोरला जमिनीखालून जोडलेलं माजेंता स्टेशन आहे. तिथून आरईआर ईने व्हाल द फाँतनेला जायचं आणि तिथेच आरईआर एची शेसीची गाडी धरायची. ही वाट पर्यटकांना फारशी ठाऊक नसते, म्हणून मोकळी असते. गाडी व्हाल द फाँतनेला थांबते ना, एवढं फलकावर पाहून घ्या.

माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. आरईआरला आरक्षण नसतं, त्यामुळे यूरोस्टार तासभर उशिरा आली तरी तुमचं काही बुडत नाही.

तारखांच्या बाबतीत सवड असेल तर यूरोस्टार स्नॅप बघा. त्यात तुम्ही दिवस आणि सकाळ की दुपार एवढंच निवडता, नेमकी गाडी प्रवासाच्या दोनेक दिवस आधी कळते, त्या बदल्यात दर बराच कमी. पार्कमध्ये ठराविक वेळी पोहोचायचंच असेल त्या दिवशी ते नको, परतीसाठी छान. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनाही शेंगेन व्हिसा लागतो, आणि सीमा तपासणी सेंट पँक्रसमध्येच होते, तेव्हा गाडीच्या किमान दीड तास आधी तिथे असा. सुटलेल्या यूरोस्टारच्या ऐवजी त्याच दिवशी नवं तिकीट घ्यावं लागलं तर वर्षभराची बचत तिथेच संपते.

जाण्याच्या आदल्या रात्री

आरईआर एवर रुळांची कामं निघतात, बहुधा शनिवार-रविवारी, रात्री उशिरा आणि उन्हाळ्यात. ॲपमध्ये आरईआर ए निवडून त्या दिवशीचे बदल बघा. मधला भाग बंद असेल तर बदली बस असते. तिला वेगळे पैसे नाहीत, पण वेळ जातो. त्या दिवशी आरईआर ई आणि व्हाल द फाँतनेचा वरचा मार्ग कामी येऊ शकतो.

शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर थोड्या वेळाने सुटते. उन्हाळ्यात आतषबाजी उशिरा होते आणि तेव्हा स्टेशनात गर्दी उसळते. आतषबाजी संपल्यावर लगेच न धावता पंधरा-वीस मिनिटं थांबलेलं बरं, पण शेवटच्या दोन गाड्यांवर भिस्त ठेवू नका. रात्री साडेबाराला पॅरिसपर्यंत टॅक्सी करावी लागली, तर एका फेरीत त्या 2.50 युरोंच्या वीस-पंचवीस तिकिटांहून जास्त पैसे मोजावे लागतात.